भाड्याची फुलं

लोकांना खड्डा आवडत नाही. त्याला कितीही गोड नाव द्या, खड्डा तो खड्डाच. आणि आम्हाला तर अख्ख्या शहराला तो आपापल्या दारात खणायला लावायचा होता.

काम पाणी खात्याचं होतं. अंगणातल्या सगळ्यात सखल जागी वीतभर खोल खळगा करायचा, तळाशी खडी आणि वाळू घालायची, पाण्यातही आणि कोरड्यातही तग धरतील अशी झाडं लावायची आणि छपरावरून येणारा पाइप त्यात सोडायचा. मग पाऊस रस्त्यावर धावत सुटण्याऐवजी तिथे थांबतो आणि सावकाश जमिनीत मुरतो. खात्याच्या कागदांत याला एक लांबलचक नाव होतं. मी त्याचं 'पाऊसबाग' केलं आणि खाली ओळ लिहिली, 'पाऊस घरात नको, बागेत हवा.' खात्याच्या अधिकारी बाईंना ती इतकी आवडली की त्यांनी ती दोनदा मोठ्याने वाचली. नाचता येईना अंगण वाकडं असं आपण म्हणतो, इथे मात्र अंगण वाकडंच लागतं, नाहीतर पाणी खळग्यात जाणार कसं? हा विनोद मी मीटिंगमध्ये करून पाहिला. कोणी हसलं नाही.

आमच्या जाहिरात कंपनीत शब्द मी लिहायचे आणि चित्रं आमचा कलादिग्दर्शक करायचा. तो सदानकदा दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून तिच्यातून जगाकडे बघायचा, म्हणून सगळे त्याला चौकट म्हणायचे. तोंडावरसुद्धा. त्याला त्यात मान वाटायचा.

"नुसत्या ओळीने काही होत नसतं," चौकट म्हणाला. "एक खरं घर हवं, एक खरं माणूस आणि एक खरी बाग. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे मला हवंय."

खरं घर काही मिळेना. ज्याच्या त्याच्या अंगणात फरशी, फरशीवर गाडी, आणि गाडीवर कव्हर. एका गृहस्थांनी आमचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, "आधी तुमच्या साहेबांच्या दारात खणा, मग आमच्याकडे या." पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. शेवटी मी माझ्या ताईचं नाव सुचवलं. त्यात माझा स्वार्थ होता, आणि त्याची मला तेव्हा लाज वाटली नाही.

ताई माझी मोठी बहीण. भावोजी गेल्यापासून एकटीच राहायची, एका उताराच्या रस्त्याच्या अगदी तळाशी. वरच्या घरांनी फरशा घातल्यापासून त्या सगळ्यांचं पाणी तिच्या फाटकाशी येऊन जमायचं आणि दरवर्षी एकदा तरी पुढच्या खोलीत शिरायचं. कपाटाचे पाय विटांवर चढले होते, भिंतीला घोट्याच्या वर पिवळट रेघ होती आणि ओला वास तर उन्हाळ्यातही जात नसे. माझ्या भाच्याने, म्हणजे तिच्या मुलाने, शेवटी निर्वाणीचं सांगितलं होतं. "आई, आता आणखी एकदा पाणी आत आलं ना, की घर विकायचं आणि तू माझ्याकडे यायचं. मग रडायचं नाही." मुलगा वाईट नाही. दरवेळी कामावरून धावत येऊन पँट दुमडून बादल्या भरभरून पाणी उपसायचा. पण ताईला ते घर सोडायचं नव्हतं. तिने आणि भावोजींनी एकेक खोली वाढवत ते उभं केलं होतं.

"त्याच्याकडे मी पाहुणी असेन गं," ती मला म्हणाली होती. "आणि पाहुण्याने राहून राहून किती राहायचं?"

खात्याच्या माणसांनी नमुना म्हणून तिच्या अंगणात पाऊसबाग केली तर पाणी दाराबाहेर थांबेल, भाच्याचं तोंड बंद होईल आणि ताई आपल्या घरात राहील, इतकं साधं माझं गणित. मोहीम गेली खड्ड्यात, असंही मी मनात म्हटलं असेन. अधिकारी बाई स्वतः येऊन जागा बघून गेल्या, छत्रीच्या टोकाने माती उकरून पाहिली आणि म्हणाल्या, "फाटकापासून भिंतीपर्यंत सगळी रुंदी घेऊ. इथे नक्की जमेल."

अडचण एकच होती. ती जागा भावोजींच्या गुलाबांची होती.

गुलाबाला पायात पाणी साचलेलं खपत नाही. ती झाडं काढावीच लागणार होती. मी हे ताईला कसं सांगावं याची चालत येताना उजळणी करत होते, आणि सांगितलं ते मात्र भसकन. ती भांडी पुसत होती. तिने हातातली ताटली पुसून झाल्यावरही बराच वेळ पुसली.

"सगळी?" तिने विचारलं.

"सगळी."

"यांना बरं वाटलं नसतं," ती म्हणाली. मग ताटली ठेवून म्हणाली, "पण घर गेलेलं तर त्याहून वाईट वाटलं असतं. काढा."

खणायला येणाऱ्या माणसांना तिने हात लावू दिला नाही. आदल्या दिवशी स्वतःच खुरपं घेऊन बसली आणि एकेक झाड मुळासकट सोडवलं. दोन झाडं कुंड्यांत लावून पाहिली. ती महिनाभरही जगली नाहीत, आणि त्याबद्दल ती कधी बोललीही नाही.

बाग तयार झाली आणि आम्ही फोटो काढायला गेलो. बाग म्हणजे काय, तर ओल्या मातीचा एक लांबट खळगा, कडेला खडी, आणि मधे खात्याने लावलेली बोटभर उंचीची रोपटी, जी डोळ्यांना दिसायलाही जरा वेळ लागत होता. पाऊसबाग फुलायला दोन पावसाळे लागतात. हे अधिकारी बाईंनी सांगितलं होतं, माहितीपत्रकात मी ते लिहिलंही होतं, मागच्या पानावर, बारीक अक्षरात.

चौकटने बोटांची चौकट डोळ्यांसमोर धरली आणि लगेच खाली घेतली. "हे काय, थडगं खणलंय का कोणाचं?"

पण तो तयारीनिशी आला होता. आमच्या धंद्यात ही नेहमीची रीत आहे. जाहिरातीतलं आइसक्रीम वितळू नये म्हणून ते बटाट्याचं असतं, आणि वाफाळत्या कपातली वाफ दुसरीकडूनच येते. त्यात कोणाला काही गैर वाटत नाही, मलाही वाटत नव्हतं. नर्सरीची गाडी आली. तिच्यातून फुललेल्या झाडांच्या कुंड्या उतरल्या, जांभळ्या, पिवळ्या, पांढऱ्या, आणि उंच झुलणारं गवतही. माणसांनी कुंड्या खळग्यात दाबून बसवल्या आणि काठांवर माती ओढली. बघता बघता थडग्याची बाग झाली, आणि अशी झाली की मीसुद्धा माझी ओळ विसरून बघत राहिले.

ताई बाहेर आली आणि दारातच थांबली. मग हळूहळू पुढे येऊन एकेका झाडाशी वाकून त्यांची नावं विचारायला लागली. नर्सरीवाला सांगत होता आणि ती लहान मुलीसारखी मागून म्हणत होती. एका पांढऱ्या फुलाला तिने दोन बोटांनी नुसता स्पर्श केला.

"यांचं नाव काढलंत हो तुम्ही," ती चौकटला म्हणाली. "आज असते तर किती हरखले असते."

तिला सांगायचं काम माझं होतं. कंपनीने ते माझ्यावर सोपवलं होतं, कारण बहीण माझी. सकाळी सांगू म्हटलं, तर सकाळी गडबड होती. गाडी आल्यावर सांगू म्हटलं, तर ती हसत होती. आणि चौकट ओरडत होता, "काकू, अस्संच, अस्संच हसत राहा!" त्या फोटोत ताई जशी हसली आहे तशी मी तिला भावोजी गेल्यापासून पाहिली नव्हती.

काम झालं. माणसं कुंड्या उपसून गाडीत चढवायला लागली.

"अगं, हे कुठे नेतायत?" ताईने मला विचारलं.

"भाड्याची आहेत गं ती. फोटोपुरती."

"असं होय," ती म्हणाली. "बरं."

गाडीला वाट मिळावी म्हणून तिने स्वतःच फाटक पूर्ण उघडून धरलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. तिने मात्र नंतर आम्हा सगळ्यांना चहा केला आणि चौकटने दोनदा मागून घेतला.

मोहीम सुरू झाली. बसथांबे, दवाखाने, शाळांच्या भिंती, जिथे बघावं तिथे ताई फुलांच्या मागे उभी राहून हसत होती. खात्याकडे चौकशा यायला लागल्या. अधिकारी बाईंचे फोन येत, आणि प्रत्येक फोनमध्ये त्यांचा आवाज थोडा आणखी तरुण झालेला असे.

आणि पावसाचं म्हणाल, तर तो त्या वर्षी हात धुऊन मागे लागला होता. असाच एकदा दिवसभर कोसळला, वरच्या रस्त्यावरच्या गाड्यांची चाकं बुडाली, आणि मी ऑफिसात बसून ताईचा फोन लावत होते. तिने उचलला तो धापा टाकतच.

"आत आलं नाही!" ती म्हणाली. "अगं, दारापर्यंतसुद्धा आलं नाही. सगळं त्याच्यात गेलं. तू ये बघायला."

मी गेले. पाऊस उघडला होता. खळगा काठोकाठ भरलेला, गढूळ, आणि बारकी रोपटी त्यात आडवी झालेली. ताईने खुर्ची खिडकीशी ओढली होती आणि ती त्या गढूळ पाण्याकडे इतक्या कौतुकाने बघत होती, जणू पोरानं परीक्षेत पहिला नंबर काढला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी मुरलं होतं. मागे राहिला तो चिखल, चार काड्या आणि रस्त्यावरून वाहत आलेलं एक प्लास्टिकचं झाकण. ताईने ते उचललं आणि रोपटी एकेक करून सरळ केली. त्यानंतर आणखी दोन-तीन मोठे पाऊस झाले. पाणी आत आलं नाही. भाच्याने फोनवर, "चला, बरं झालं," इतकंच म्हटलं, पण घर विकायचा विषय त्याने काढला नाही. मला तर वाटलं, जिंकलो.

मग रस्त्याने जाणाऱ्या कोणीतरी ताईला ओळखलं. पोस्टरवरची बाई, ते दार, ते फाटक, सगळं तेच. फक्त फुलांच्या जागी चिखलाचा खड्डा. त्याने फोटो काढला आणि पोस्टरशेजारी जोडून सगळीकडे पाठवून दिला. लोकांना उकरायला माती मिळाली. खात्याने बाग खाल्ली, इथपासून ते मोहीम खड्ड्यात गेली, इथपर्यंत ज्याला जे सुचेल ते. माझ्या ओळीचंही कोणीतरी करून टाकलं, 'फुलं पोस्टरात, चिखल दारात.' खोटं कशाला बोलू, माझ्या ओळीपेक्षा ती बरी होती.

लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायला लागले. ताई दोनदा बाहेर जाऊन त्यांना सांगून आली की अहो, पाणी घरात येत नाही यंदा, आत येऊन भिंत बघा, कोरडी आहे. कोणाला भिंत बघायची नव्हती. तिसऱ्या वेळी एका मुलीने फोन तिच्यासमोर धरून विचारलं, "पण आजी, पोस्टरमधली ती फुलं कुठे गेली?"

ताईला खोटं बोलता येत नाही. तिला कोणी ते शिकवलंच नाही.

"ती भाड्याची होती," ती म्हणाली. "फोटोपुरती आणली होती."

पुढे ती बरंच काही बोलली होती. पाणी कसं मुरतं, झाडं वाढायला दोन पावसाळे कसे लागतात, सगळं नीट सांगितलं होतं. ते कोणी ठेवलं नाही. शहरभर फिरलं ते पहिलं वाक्य.

खात्यात बैठक झाली. अधिकारी बाईंचा चेहरा इतका उतरला होता की मला त्यांची दया आली, आणि चौकट खिडकीतून बाहेर बघत बसला होता, यावेळी चौकटीशिवाय. मोहीम बंद आणि नमुन्याची बाग बुजवून वर स्वच्छ फरशी, असं वरून ठरून आलं होतं. बघायला खड्डा उरला नाही की लोकही विसरतील.

"अहो, पण ती बाग चालते!" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचा नव्हता. "पाणी घरात आलं नाही. एकदाही नाही. तेच सांगूया ना. तोच चिखल दाखवू, तीच कोरडी भिंत दाखवू."

"मला माहीत आहे चालते," बाई म्हणाल्या. "मीच जागा निवडली होती. पण आता आपण काहीही दाखवलं तरी लोक विचारणार, हे कुठून भाड्याने आणलंत?"

अंगण ताईचं, म्हणून तिची संमती लागणार होती. ती घेऊन यायचं काम पुन्हा माझ्याकडेच आलं. आमच्या कंपनीच्या मालकांनी बाहेर पडताना माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी मऊ आवाजात सांगितलं, "तुमच्या बहिणीने जे केलं त्याबद्दल कोणी तुम्हाला बोलत नाहीये. आत्ता तरी."

मी मनाशी पक्कं केलं होतं की ताईला नाही म्हणायला सांगायचं. नोकरी गेली तर गेली. तिच्याकडे पोचले तर भाचा आधीच आलेला. त्याच्या ऑफिसात ती क्लिप सगळ्यांनी पाहिली होती.

"मावशी, पुरे झालं आता," तो म्हणाला. "माझ्या आईला लोक फाटकाबाहेर उभं राहून हसतात. तू तरी कशी ऐकून घेतेस?"

ताईने त्याला गप्प केलं. मग माझ्याकडे वळली, आणि तिचे डोळे भरून आले होते.

"माझ्या तोंडून निघून गेलं गं," ती म्हणाली. "मला कळलंच नाही ते असं होईल. तुला कामावर बोलले का खूप?"

"ताई, ते सोड. तू नाही म्हण. तुझं अंगण आहे, कोणी जबरदस्ती करू शकत नाही."

"आणि मग तुझं काय?"

"माझं मी बघेन."

"बघशील," ती म्हणाली. "लहानपणापासून असंच म्हणत आलीस, आणि निस्तरलं मीच." हे ती रागाने म्हणाली नाही, उलट जरा हसलीच. "बुजवू दे त्यांना. एकदा बुजवला की कोणी हसणार नाही, तुलाही नाही आणि यालाही नाही."

"पाणी आत येईल, ताई."

"येईल तेव्हा येईल."

मी आणखी भांडायला हवं होतं. हातपाय आपटायला हवे होते, फाटकात आडवं पडायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर तिने होकार दिला तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि ते उतरलं याचा मला आजही संताप येतो.

माणसं आली. रोपटी आता वीतभर झाली होती, एकाला तर कळीही धरली होती. ती माती-खडीखाली गेली आणि वर करड्या फरश्या बसल्या, अगदी वरच्या घरांसारख्या. काम सुबक केलं होतं, त्यात नाव ठेवायला जागा नव्हती.

पावसाळा अजून संपायचा होता. तो काही आमच्यासाठी थांबणार नव्हता. पाणी आलं ते नेहमीपेक्षा जास्त आलं, कारण आता मुरायला गुलाबांची मातीही राहिली नव्हती. भाचा आला, त्याने पँट दुमडली, निमूट पाणी उपसलं, आणि घराबद्दल एक अक्षर काढलं नाही. ताईच म्हणाली, "गाडी कधी आणतोस?"

आता ती त्याच्याकडे असते, सातव्या मजल्यावर. खोली चांगली आहे, उजेडाची. सून तिला काही कमी पडू देत नाही. घर ज्यांनी घेतलं त्यांनी तळमजला गाड्यांसाठी मोकळा केला आणि राहायचं वरच ठेवलं, शहाणी माणसं. माझी नोकरी शाबूत आहे. सध्या मी एका गादीच्या जाहिरातीचं लिहिते.

परवा मी तिला भेटायला गेले. आम्ही बोलत होतो, आणि बाहेर पाऊस सुरू झाला. ताई बोलता बोलता उठली. तिने दाराशी पडलेले सगळ्यांचे बूट उचलून टेबलावर ठेवले, खुर्च्या पलंगावर चढवल्या, आणि गुडघे टेकून गालिचा गुंडाळायला बसली.

आतून भाचा आला. हे त्याला नवीन नसावं. "आई," तो कंटाळलेल्या मायेने म्हणाला, "सातवा मजला आहे अगं."

"माहीत आहे रे मला," ती म्हणाली. "मला काय वेड लागलंय? पण पाऊस आला की मला काहीतरी करावं लागतं."

तो माझ्याकडे बघून आत निघून गेला. गालिचा जड होता आणि तिच्या हातून तो सारखा उलगडत होता. तिने मान वर न करताच मला सांगितलं, "ते तिकडचं टोक धर जरा."

मी खाली बसले आणि धरलं.